अंगठा, सही आणि वाचणें

(परभणी जिल्ह्यांतील एका खेड्यांत 28 नोव्हेंबर रोजीं, महात्मा जोतीराव फुले यांच्या स्मृतिदिनीं, गांवच्या पारावर झालेलें भाषण)



सभा सायंकाळीं सातला ठेवली होती. आतां साडेआठ होऊन गेले आहेत. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायांनीं भाकरी थापाव्या, लेंकरांना जेवूं घालावें व मग येथें यावें, एवढी सवड त्यांस देणें रास्तच होतें. म्हणून उशिराबद्दल आमची तक्रार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जे पुरुष सातपासून पारावर तंबाखू मळीत बसले आहेत, त्यांतल्या एखाद्यानें घरीं जाऊन चूल पेटविली असती, तर सभा आठला तरी सुरू झाली असती. आणि जोतीरावांच्या तसबिरीस घातलेल्या हारापेक्षां ती चूल त्यांस अधिक आवडली असती.

जोतीरावांचें चरित्र आपण दरवर्षीं ऐकतां. आज आम्ही त्यांची एकच गोष्ट धरून बोलणार आहों. 1882 सालीं त्यांनीं सरकारच्या हंटर कमिशनपुढें लेखी निवेदन दिलें. सरकारचा वसूल बहुतेक रयतेच्या घामांतून निघतो, आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांवर खर्च होतो, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. आणि निदान बारा वर्षें वयापर्यंत मुलांचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करा, अशी मागणी केली. राजर्षि शाहू छत्रपतींनीं 1917 सालीं आपल्या कोल्हापूर संस्थानांत तसें करून दाखविलें. देशांतल्या सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हक्क म्हणून तो कायदा 2009 सालीं झाला व 1 एप्रिल 2010 पासून अंमलांत आला. म्हणजे रयतेच्या एका अर्जाचा निकाल लागावयास 127 वर्षें गेलीं. आपल्या फेरफाराच्या अर्जास सहा महिने लागले म्हणून ओरड करणारांनीं हा हिशेब ध्यानांत ठेवावा.

आमच्या परभणीकडची कथा तर आणखी निराळी. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखालीं होता. कचेरीचा कारभार उर्दूंत. शेतकरी मराठी बोलणारा. ज्या कागदावर आपली जमीन, तो कागद आपल्यास वाचतां येत नसे. वाचून दाखविणारा सांगेल तें खरें मानावयाचें आणि शाईंत अंगठा बुडवावयाचा. 1951 च्या खानेसुमारींत हैदराबाद राज्यांत शंभरांत दहा माणसेंही साक्षर भरलीं नाहींत. पुढें जिल्हा परिषदा आल्या, वस्तीवस्तीवर शाळा झाल्या, आणि 2011 च्या खानेसुमारींत आपल्या जिल्ह्यांत शंभरांत सुमारें 73 साक्षर निघाले. 17 मार्च 2024 रोजीं राज्यभर प्रौढ निरक्षरांची 150 गुणांची परीक्षा झाली. चष्म्याची काडी दोऱ्यानें बांधलेल्या आज्या नातवांच्या बाकांवर बसून पेपर लिहीत होत्या. त्या दिवशीं आम्हांस आमच्या धंद्याचा खरोखर अभिमान वाटला.

तेव्हां अंगठा गेला आणि सही आली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु सही करतां येणें आणि वाचून सही करणें यांत फार अंतर आहे. दावणीला बैल असले म्हणजे शेत नांगरून झालें, असें कोणी शेतकरी म्हणत नाहीं. मग सही आली म्हणजे विद्या आली, असें आपण कोणत्या हिशेबानें म्हणतों?

आतां ग्रामसभाच पाहा. वर्षांतून निदान चार ग्रामसभा व्हाव्यात, असा कायदा आहे. मतदारांपैकीं शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांतला जो आकडा लहान असेल तितकीं माणसें हजर पाहिजेत. तितकीं न भरल्यास सभा तहकूब होते; आणि तहकूब सभा पुन्हां भरली म्हणजे तिला गणसंख्येची अट राहत नाहीं. आमच्या जिल्ह्याविषयीं जुनी म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' ग्रामसभेचा सारा कारभार या म्हणींत बसतो. माणसें जमलीं तर सभा; न जमलीं तर तहकूब सभा. ठराव दोन्हींकडे होतो.

मग हजेरीचें रजिस्टर गांवभर फिरतें. असें एक रजिस्टर शेतांतल्या आखाड्यापर्यंत गेलेलें आम्हीं पाहिलें आहे. धनी म्हशीची धार काढीत होता. त्यानें चरवी गुडघ्यांत धरली, हात धोतराला पुसला आणि सही ठोकली. आम्हीं विचारलें, "दादा, वर काय लिवलंय?" तो म्हणाला, "ठराव असंल कीं, गुर्जी. दुसरं काय असतंय?" त्या ठरावांत त्याच्याच वस्तीला व्हावयाच्या पाण्याच्या टाकीची जागा बदललेली होती. टाकी झाली, चांगली झाली. उन्हाळ्यांत त्याची बायको त्या टाकीवरून पाणी आणते, आणि वाट पाऊण कोसाची आहे. सहीला लागला अर्धा मिनिट. त्या माउलीला दर खेपेस अर्धा तास लागतो.

प्रत्येक ग्रामसभेपूर्वीं बायांची महिला सभा घ्यावी, असाही कायदा आहे. ती सभा कोणत्या वारीं झाली, असें आम्हीं एका गांवच्या बायांस विचारलें, तेव्हां त्यांनीं आम्हांसच विचारलें, "आम्ही गेलो होतो का, गुर्जी?" वहींत त्यांच्या सह्या होत्या. 2011 पासून आपल्या राज्यांत पंचायतींतल्या निम्म्या जागा बायांसाठीं राखीव आहेत. कित्येक गांवीं सरपंचबाई उत्तम कारभार करितात. परंतु कित्येक गांवीं बाई सही करितात आणि त्यांचे मालक खुर्चींत बसतात. बाईंस खुर्ची मिळाली तेव्हां मालकांनीं घरचें पोळपाट-लाटणें हातीं घेतल्याचें मात्र ऐकिवांत नाहीं.

पूर्वीं आपण म्हणत असूं कीं, दप्तर कुळकर्ण्या-पटवाऱ्याच्या हातीं आहे, तो आपल्यास नाडतो. जोतीरावांनीं हें नाडणें उघडें केलें, आणि तें खरें होतें. परंतु आज सरपंच आपला, सदस्य आपला, गुत्तेदार आपला, मुकादम तर आपल्या सोयऱ्यांतला. आतां आपलें बोट कोणाकडे दाखवावयाचें? दप्तर आपल्या माणसाच्या हातीं आलें म्हणून तें वाचावयाचें सोडून दिलें, तर आपल्याच माणसाला नाडण्याची संवय आपणच लावूं. ग्रामसेवकास आतां ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी. नांवें लांबलीं, गांवांत दिसण्याचे वार वाढले असें आम्हांस तरी दिसलें नाहीं. एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन गांवें असतात, तेव्हां सारा दोष त्यांच्याही माथीं मारणें बरें नव्हे.

जिल्हा परिषदेचें पाहा. परभणीची निवडणूक 2017 सालीं झाली, मुदत 2022 सालीं संपली. पुढें आरक्षणाच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या व कारभार प्रशासकाकडे गेला. शेवटीं 2025 च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयास निवडणुका घेण्याचा हुकूम करावा लागला. तेवढ्या वर्षांत "आमचा सदस्य कोठें गेला?" असें पारावर कोणी विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं. पाऊस लांबला तर आपण रोज आभाळाकडे पाहतों. सदस्य लांबला त्याची कोणास खबर नव्हती.

आतां आमच्या घरचें, म्हणजे शाळेचें. कायदा म्हणतो, शिक्षकास खानेसुमारी, आपत्तिनिवारण व निवडणूक यांखेरीज शिकविण्याबाहेरच्या कामास लावूं नये. प्रत्यक्षांत खिचडी शिजली, फोटो पाठवा. हात धुतले, फोटो पाठवा. झाड लावलें, फोटो पाठवा. झाड वाळलें त्याचा फोटो मात्र अद्याप कोणी मागितला नाहीं. आम्ही ही रड तुमच्यापुढें गातों, कारण शाळेची मालकी तुमची आहे. शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश आई-बाप असले पाहिजेत व निम्म्या बाया असल्या पाहिजेत, हें 2009 च्या कायद्यांतच आहे. शाळेचा विकास आराखडा त्या समितीनें करावयाचा आहे. आणि बैठकीच्या दिवशीं आमच्या माउल्या घाईनें येतात व विचारतात, "कुठं करू सही, गुर्जी?" सही कोठें, हें विचारतात, सही कशावर, हें विचारीत नाहींत.

यावरून शेजारच्या एका गांवची गोष्ट सांगतों. गेल्या श्रावणांत एका घरीं ऊसतोडीच्या उचलीचा कागद आला. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतली होती ऐंशी हजार. कागद वाचून दाखविणारे मुकादमाचेच गडी. बापानें सहीसाठीं पेन उचलला, तोंच चौथींतली मुलगी कागदावर वांकून म्हणाली, "आबा, ऐंशी हजाराला आठावर चार शून्यं असतेत. हिथं एकावर पाच हायेत." घरांत सारे गप्प झाले. मुकादम म्हणाला, मागचें येणें व गाडीखर्च धरून लाख लिहिले. बापानें प्रथमच हिशेब मागितला. दोन तास बोलणें झालें आणि कागद अठ्ठ्याऐंशी हजारांचा झाला. बारा हजार रुपये म्हणजे किती टन ऊस तोडावा लागतो, हें येथें बसलेल्या कोयतेकऱ्यांस आम्हीं सांगावयास नको.

ती मुलगी आज कोठें आहे? दिवाळीनंतर ती आई-बापांबरोबर सांगलीकडच्या फडावर गेली. जिनें घराचे बारा हजार वांचविले, ती पाचटाच्या खोपीपाशीं धाकट्या भावाला सांभाळीत बसली आहे. परत येईल तेव्हां शाळेचें वर्ष सरत आलेलें असेल. त्या गांवीं समितीच्या वहींत हंगामी वसतिगृहाच्या मागणीचा विषय होता आणि खालीं सगळ्यांच्या सह्याही होत्या. परंतु कोणाचीं मुलें मागें ठेवावयाचीं, ही यादी कोणी दिली नाहीं. कारण विषय काय आहे हेंच सह्या करणारांस ठाऊक नव्हतें.

बंधूंनो, आपल्या गांवांतून सात कोयते गेले आहेत. अजून चार अमावास्येनंतर निघणार आहेत, आणि त्यांच्याबरोबर आमच्या पटावरचीं सहा मुलें जातील. पैकीं दोघीजणी यंदा कोठें वाचूं लागल्या आहेत. जाऊं नका, असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. कोरडवाहू दोन एकरांत सोयाबीनला काय उरतें तें आम्ही जाणतों. उपाशी माणसास व्याख्यान देणें हें पाप आहे. परंतु तीन गोष्टी मागतों.

पहिली: हीं सहा मुलें आजी-आजोबांपाशीं राहूं द्या. उद्यां दुपारीं समितीची बैठक आहे. त्या चार घरांनीं स्वतः यावें, मुलांचीं नांवें सांगावींत, आणि हंगामी वसतिगृहाची मागणी आपण सर्वांनीं वाचून, समजून, मग सही करून पाठवावी. मंजुरी येईपर्यंत ज्यांच्या घरीं म्हैस दुभती आहे त्यांनीं एकेका लेंकराचा घांस उचलला, तर गांवास जड नाहीं. लग्नाच्या पंगतीला आपण हजार पानें वाढतों. हीं तर सहाच आहेत.

दुसरी: जें मूल जाईलच, त्याच्यासाठीं आमच्याकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन जा. तें दाखविलें म्हणजे तिकडच्या शाळेनें मुलाला बसवून घ्यावयाचें असतें. कोणी दाखला नाहीं म्हणून अडविलें, तर सांगा कीं दाखल्यावांचून मूल अडवूं नये असा कायदा आहे. उपकार म्हणून मागूं नका.

तिसरी सर्वांसाठीं. 2023 सालीं सरकारनें वीसांहून कमी पटाच्या शाळांची माहिती गोळा केली. राज्यांत तशा शाळा पंधरा हजारांच्या जवळपास निघाल्या, आणि त्या मोडून समूह शाळा कराव्यात असा विचार पुढें आला. आपल्या शाळेचा पट आज तेवीस आहे. सहा गेलीं तर सतरा राहतात; वजाबाकी सोपी आहे. सकाळीं जी पिवळी गाडी गांवांत येते तिच्यांतून आणखी आठ मुलें इंग्रजी शाळेंत जातात. इंग्रजी यावें, आम्हीही शिकवितों. पण जें मूल इंग्रजी कविता घडाघडा म्हणतें आणि बापाच्या हातांतल्या औषधाच्या डब्यावरचें मराठी वाचूं शकत नाहीं, त्याच्या गाडीभाड्याचा हिशेब एकदां रात्रीं निवांत बसून करा. आणि आमची शाळा बरी वाटत नसेल, तर वर्गांत येऊन बसा, आम्हांस प्रश्न विचारा, आमची हजेरी तपासा. कायद्यानें तो अधिकार तुम्हांस दिला आहे.

उद्यांपासून एक नेम करूं. कागद आला कीं घरांतल्या शाळकरी पोरास किंवा पोरीस हांक मारावी आणि मोठ्यानें वाचावयास सांगावें. सरपंचाचा असो, मुकादमाचा असो, बँकेचा असो, कीं आम्हां गुरुजींचा असो. पोर अडखळेल, वेळ लागेल, कागद घेऊन आलेला माणूस घड्याळ पाहील. त्याला चहा द्यावा आणि पोराला पुढें वाचूं द्यावें.

रात्र झाली आहे, आणि पहाटे पुन्हां वेचणीला जावयाचें आहे. आजच्या सभेच्या हजेरीचें रजिस्टर आतां तुमच्याकडे येईल. त्याच्या वरच्या बाजूस चार ओळी लिहिल्या आहेत. त्या आधीं वाचून घ्या. ज्यांस येत नाहीं त्यांनीं शेजारच्या लेंकराकडून वाचवून घ्याव्यात, आणि पटत नसेल तर सही करूं नये. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.