पाकिटावरची खूण

परिषदेचे स्वागताध्यक्ष, कार्यवाह, आणि वाचनालयांत, शाळांत, पतपेढ्यांत, मंडळांत संस्थेचा मेल सांभाळणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दादर स्थानकाबाहेर उभं राहिलं की डबेवाल्यांची वाटणी पाहायला मिळते. १८९० च्या सुमाराला सुरू झालेलं हे काम. झाकणावर रंगाने काढलेली दोन-चार अक्षरं आणि आकडे असतात. उतरायचं स्टेशन, इमारत, मजला, सगळं त्यात येतं. डबा वाटेत अनेक हातांतून जातो, पण आत भेंडी आहे की शेपू हे झाकण उघडून पाहून तो कुठे न्यायचा हे कोणी ठरवत नाही. मेलच्या वर्गवारीबद्दल मला आज जे सांगायचं आहे, ते बरंचसं या झाकणावर लिहिलेलं आहे.

दुसरं उदाहरण श्रीराम भिकाजी वेलणकरांचं. रत्नागिरीकडचे, गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात शिकलेले, संस्कृतात काव्य आणि नाटकं लिहिणारे वेलणकर टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. एकाच नावाची अनेक गावं, पत्ता लिहिणाऱ्याची लिपी वेगळी, वाचणाऱ्याची वेगळी, अक्षर तर ज्याचं त्याचं. अशा ढिगापुढे बसलेल्या सॉर्टरने अंदाज तरी किती करायचे? १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला, त्याचे जनक वेलणकर. सहा अंकांतला पहिला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय. गिरगावचा ४००००४, परळचा ४०००१२, दादर पूर्वेचा ४०००१४ आपल्याला पाठ असतो. आयुष्यभर शब्दांत रमलेल्या कवीने पत्र पोचवण्यासाठी मात्र शब्दांवर भरवसा ठेवला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

आता आपल्या कामाकडे येतो. बहुतेक छोट्या संस्थांत मेलचे नियम कार्यालयातल्या एका संगणकावर लावलेले असतात. तो संगणक सुरू असेल तेव्हाच ते चालतात. लेखनिक गावी गेले, संगणक बंद राहिला, आणि चिटणीसांनी गाडीत बसल्या बसल्या फोनवर मेल उघडला की समोर न निवडलेला ढीग. ही वाटणी घरी करायची गोष्टच नाही, ती टपाल कार्यालयात व्हायला हवी. म्हणजे मेल सर्व्हरवर येऊन पेटीत पडतो त्याच क्षणी. मग फोनवर उघडा, कार्यालयात उघडा, सगळीकडे तोच निवडलेला मेल दिसतो.

यासाठी सीव्ह नावाची एक छोटी भाषा आहे. टिम शोवॉल्टर यांनी लिहिलेलं तिचं पहिलं विवरण जानेवारी २००१ मध्ये आर.एफ.सी. ३०२८ या दस्तऐवजात प्रसिद्ध झालं. फिलिप ग्वेन्थर यांच्यासोबत केलेली सुधारित आवृत्ती, आर.एफ.सी. ५२२८, जानेवारी २००८ मध्ये आली. सायरस आणि डवकॉट हे दोन्ही सर्व्हर ती चालवतात. सीव्ह म्हणजे चाळणी, पण मला हे नाव तितकं पटत नाही. चाळणीत काहीतरी गाळून टाकायचंच असतं. ही भाषा करते ते तांदूळ निवडण्यासारखं आहे, एकेक वेगळं करून बाजूला ठेवणं.

या भाषेत एकच काम पुन्हा पुन्हा करत राहायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. कारण तीच यंत्रणा शेकडो लोकांचे नियम चालवते. चाळीच्या सार्वजनिक नळावर एकाने कधीच न भरणारं पिंप लावलं, तर बाकीच्यांच्या घागरी रिकाम्याच राहतात. तुमची स्क्रिप्ट, म्हणजे या भाषेत लिहिलेली नियमांची यादी, कितीही चुकली तरी ती सगळ्यांचा नळ अडवून बसू शकत नाही. मला हा शहाणपणा भाषेच्या ताकदीपेक्षा मोठा वाटतो.

पण भाषा चांगली असली तरी नियम आपण लिहितो, आणि आपण ते बहुधा विषयाच्या ओळीतल्या शब्दांवर लिहितो. इथे मराठीचा विशेष विचार करावा लागतो. एखाद्या शाळेने नियम लिहिला की विषयात ‘वर्ग’ आला तर मेल वर्गशिक्षकांच्या फोल्डरात जावा. यंत्र अक्षरांची माळ जुळवतं, अर्थ नव्हे. ‘वर्गणी’ ही माळ ‘वर्ग’पासूनच सुरू होते. गणपतीच्या आधीच्या महिन्यात लालबागच्या कुठल्याही मंडळाला विचारा, वर्गणीचे किती मेल येतात ते. शाळेकडे असे मेल आले तर ते सगळे वर्गशिक्षकांकडे जातील! ‘सभा’ शोधायला गेलात तर ‘सभासद’ सापडतो. त्यातच ‘ॲ’ हे अक्षर कोणी एका ठोक्यात टंकतं, कोणी ‘अ’ला चंद्र जोडून. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला नाही. ‘ॲडमिशन’वरचा नियम अर्धी पत्रं पकडतो आणि अर्धी सोडतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझी स्वतःची चूक याहून गंभीर होती. एका संस्थेचा मेल मी सांभाळत असे. जाहिरातींनी पेटी भरून जायची, म्हणून विषयात ‘मोफत’ असेल तर मेल टाकून द्यावा असा नियम मी लिहिला. सीव्हमध्ये याला डिस्कार्ड म्हणतात. डिस्कार्ड झालेला मेल कुठेच उरत नाही, आणि पाठवणाऱ्यालाही काही कळत नाही. काही आठवड्यांनी मोफत नेत्रतपासणी शिबिर भरवणाऱ्या मंडळींचा फोन आला. तीन पत्रं पाठवूनही तुमचं उत्तर का नाही, असं ते विचारत होते. संस्थेतल्या म्हाताऱ्या माणसांचं शिबिर हुकलं. त्या दिवसापासून मी डिस्कार्ड वापरलेलं नाही. नकोसा वाटणारा मेलही वेगळ्या फोल्डरात टाकतो आणि आठवड्यातून एकदा तो फोल्डर पाहतो. भाषेचा मूळ स्वभावही हाच आहे. कुठलाच नियम लागू झाला नाही तर मेल मुख्य पेटीत पडतो. स्क्रिप्ट चालता चालता अडखळली, तरीही तो पेटीतच पडतो. हरवत नाही.

मग शब्दांवर नाही तर कशावर भरवसा ठेवायचा? पाकिटावरच्या खुणेवर. गटांना जाणाऱ्या बहुतेक मेलवर लिस्ट-आयडी नावाची ओळ असते. विषय कितीही बदलो, ती तशीच राहते. पण खरी हाताशी असलेली युक्ती अधिकाच्या चिन्हाची. संस्थेचा पत्ता एकच, पण नावापुढे अधिकाचं चिन्ह देऊन ‘कार्यालय+वर्गणी’, ‘कार्यालय+प्रवेश’ असे पत्ते (रोमन अक्षरांत) पावतीवर आणि अर्जावर छापायचे. सर्व्हरवर ही सोय सुरू करून घेतली की सगळा मेल त्याच पेटीत येतो, आणि सीव्ह चिन्हापुढचा भाग वाचून फोल्डर निवडतं. पत्र लिहिणाऱ्यानेच झाकणावर रंग लावून दिला. पत्राच्या आतला मजकूर वाचण्याची गरज पडत नाही, आणि ही बाब मला सोयीपेक्षाही महत्त्वाची वाटते. सभासद आपल्या आजारपणाबद्दल, थकलेल्या हप्त्याबद्दल लिहितात. वाटणी करण्यासाठी ते कोणी उघडून पाहू नये, यंत्रानेसुद्धा.

एक विनंती मी अध्यक्ष म्हणून आग्रहाने करतो. लोक नियम बिघडवतील या भीतीने आपल्यातले अनेकजण सभासदांना आणि कर्मचाऱ्यांना स्वतःचे नियम लिहूच देत नाहीत. ती सोय खुली करा. राउंडक्यूबसारख्या वेबमेलमध्ये त्यासाठी साधा पडदा मिळतो, सीव्हचा एक शब्दही न शिकता नियम करता येतो. आपलं कुठलं पत्र कुठे जावं हे त्या पत्राच्या मालकाला आपल्यापेक्षा अधिक कळतं. फक्त डिस्कार्डचं बटण तेवढं त्यांच्यापासून दूर ठेवा.

दुपारच्या सत्रात प्रत्येकाने आपापली स्क्रिप्ट छापून आणायची आहे. मीही माझी आणली आहे. ‘मोफत’ची ती ओळ मी पुसलेली नाही. तिच्या आधी # लावून तिला बंद केलं आहे, आणि बाजूला त्या शिबिराची तारीख लिहिली आहे.