छातीत दुखतंय? आधी १०८, मग ॲस्पिरिन

मी पनवेलहून बोलतोय. मी कोड लिहितो, डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री बाबा छाती चोळत बसले होते. घाम फुटलेला, डावा हात जड. आई म्हणाली, "गॅस असेल." मी ओवा दिला, बाम चोळला. ४० मिनिटं अशीच गेली. तो हार्ट अटॅक होता. बाबा वाचले. पण डॉक्टरांनी विचारलं, "ॲस्पिरिन दिली होती का?" आईच्या डोकेदुखीसाठी आणलेली पट्टी कपाटातच होती. मला सुचलंच नाही.

आता ही गोळी करते काय? हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबीचा थर फुटतो, त्यावर प्लेटलेट्स चिकटतात आणि गुठळी होते. प्लेटलेट्स एकमेकींना बोलावतात ते थ्रॉम्बॉक्सेन नावाच्या रसायनाने. ते बनवणारं एन्झाइम ॲस्पिरिन कायमचं बंद पाडते. प्लेटलेटमध्ये केंद्रकच नसतं, म्हणजे सोर्स कोडच नाही. नवं एन्झाइम बनणार कुठून? ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे साधारण ७ ते १० दिवस, तशीच राहते. या कोड्याचा महत्त्वाचा भाग जॉन वेन यांनी १९७१ मध्ये उलगडला. १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९८८ च्या आयसिस-२ अभ्यासात १७ हजारांवर रुग्ण होते. ॲस्पिरिन मिळालेल्यांमध्ये पाच आठवड्यांतले मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले.

मग करायचं काय?

पहिलं, १०८ ला फोन. गोळी शोधण्यात वेळ घालवायचा नाही. पेशंटला बसवून ठेवा, चालवू नका.

दुसरं, फोनवर विचारून साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन द्या. ७५ ची असेल तर चार गोळ्या. गिळायची नाही, चावून खायची, म्हणजे लवकर लागू पडते. कोटिंगवाली तर चावायलाच हवी, कारण ते कोटिंग आतड्यात गेल्यावर विरघळतं. पॅरासिटामॉलने हे काम होत नाही.

तिसरं, कधी द्यायची नाही? ॲलर्जी असेल, अल्सरमधून किंवा कुठूनही रक्त जात असेल तर नाही. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, एक हात लुळा पडला तर अजिबात नाही. तो स्ट्रोक असू शकतो आणि मेंदूत रक्तस्राव असेल तर गोळी घात करेल. पावसाळ्यातल्या तापातही नको, डेंग्यू असू शकतो. लहान मुलांना तर तापात नकोच.

आणि "रोज एक घ्या" हे व्हॉट्सॲपवर ठरवू नका, डॉक्टरांना विचारा.

आज एवढंच करा: औषधांचा डबा उघडा, ॲस्पिरिन आहे का आणि एक्स्पायरी काय, बघा. मग आई-बाबांना हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात!