हांकेचा क्रमांक



शिक्षक फळ्यावर लिहीत असतां एखादा मुलगा हात वर करितो. शिक्षक खडू ठेवितात, त्याचें ऐकून घेतात आणि सोडलेल्या ओळीवर परत येतात. संगणकांतही असेंच चालतें. कळफलक, चकती, जाळ्याशीं जोडणारें उपकरण, हीं सारीं प्रोसेसरला कामाच्या मध्येंच हांक मारितात. या हांकेस इंटरप्ट म्हणतात. हांक कोणाची हें कळावें म्हणून तिला क्रमांक असतो. तो देणें व त्याची नोंद राखणें हें कर्नेलचें, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचें काम.

१९८१ च्या आय. बी. एम. पी. सी. यंत्रांत अशा हांकांना ८ च वाटा होत्या. १९८४ च्या ए. टी. यंत्रांत वापरतां येण्याजोग्या १५. तेव्हां ठराविक ओळींचा तक्ता पुरे. पुढें एकेका उपकरणास २०४८ पर्यंत क्रमांक मागण्याची सोय झाली. इतक्या ओळी आधींच आंखल्या तर स्मृति वायां जाते. म्हणून २०१० च्या सुमारास लिनक्स कर्नेलमध्यें या नोंदी रॅडिक्स ट्री नांवाच्या वृक्षरचनेंत ठेवूं लागले. गरज पडेल तेव्हांच तिला फांदी फुटते. परंतु कोणता क्रमांक दिला गेला याच्या खुणा ठराविक लांबीच्या पट्टीवरच राहिल्या. आर्म जातीच्या यंत्रांत तींत सुमारें ८,२०० खुणा मावत. एका मोठ्या यंत्रांत अनेक आभासी यंत्रें चालूं लागलीं, तशी ती पट्टी अपुरी पडली. क्रमांक न मिळालेल्या उपकरणाची हांक कोणापर्यंत पोंचणार?

संगणकाच्या कामांत असलेल्या माझ्या पुतण्यानें हें सांगितलें, तेव्हां मला माझीच चूक आठवली. एके वर्षीं माझ्या हजेरीपटांत ६० ओळी होत्या व मुलें ६१ झालीं. शेवटच्याचें नांव मीं सुट्या चिठीवर लिहिलें, आणि ती चिठी हरविली. आठवडाभर त्याचें नांव पुकारलें गेलें नाहीं. तो रोज येऊन मुकाट्यानें बसत होता.

२०२३ मध्यें लिनक्सच्या ६.५ या आवृत्तींत पट्टी व जुना वृक्ष दोन्ही काढून मेपल ट्री ही एकच रचना आली. नोंद तिच्यांतच राहते आणि मोकळ्या क्रमांकांची सलग जागाही तींतच त्वरित सांपडते. पट्टीची ती मर्यादा गेली.

नोंदवही आंखणारानें आज किती आहेत एवढेंच मोजूं नये. उद्यां दाराशीं येणाराचीही जागा धरावी. मला हें त्या मुलानें न बोलतां शिकविलें.