वाटाड्या मुका झाला, तर?



परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या त्या काळी सारा गिरणगाव भोंग्यावर उठे आणि भोंग्यावर कामाला निघे. समजा, एखाद्या पहाटे भोंगा वाजलाच नाही. चाळकरी म्हणतील, ‘आज काहीतरी बिघडलेय,’ आणि घड्याळाकडे पाहतील. पण तोच भोंगा तासभर उशिरा वाजला तर? सारी चाळ बिनघोर झोपून राहील आणि दिवसाची हजेरी बुडेल. मुक्या भोंग्यापेक्षा खोटा भोंगा वाईट, तो असा. आजच्या विषयाची किल्ली या साध्या गोष्टीत आहे. विमानाला वाट दाखवणारे यंत्र बिघडले, तर ते नियंत्रकाला कळते कसे?

नियंत्रक म्हणजे विमानतळाच्या मनोऱ्यात किंवा रडारच्या खोलीत बसून वैमानिकाला ‘अमुक उंचीवर या’, ‘आता उतरा’ असे सांगणारा. पावसाळ्यात मुंबईवर ढग उतरले, की वैमानिकाला धावपट्टी शेवटपर्यंत दिसत नाही. मग त्याची भिस्त जमिनीवरून येणाऱ्या रेडिओलहरींवर. एक यंत्र त्याला आपल्यापासूनची दिशा सांगते; दुसरे धावपट्टीची मध्यरेषा आणि सुमारे ३ अंशांचा उतार दाखवते.

वाट चुकण्याची किंमत जुन्नरच्या डोंगराने पाहिली आहे. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, मुंबईकडे येणारे आलितालिया कंपनीचे विमान तिथे आदळले. ९४ माणसे होती. एकही वाचले नाही. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती, पण आपण जवळ आलो असे समजून विमान खाली उतरवले गेले होते. आपली जागा पडताळण्याची साधने उपलब्ध होती, त्यांचा उपयोग केला गेला नाही, असेही चौकशीत निघाले. तिथे साधनाला विचारले गेले नाही. आता पाहा, विचारले आणि साधनच खोटे बोलले, तर परिणाम काय वेगळा होणार?

म्हणून प्रत्येक यंत्राजवळ एक पहारेकरी यंत्र बसवलेले असते. ते लहरी सतत मोजते. मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, की जोडीचे राखीव यंत्र सुरू होते; तेही बरोबर नसेल, तर सारे बंद पडते. मध्यरेषा दाखवणाऱ्या साध्या प्रतीच्या यंत्रासाठी यास जास्तीत जास्त १० सेकंदांची मुभा आहे, सर्वांत उच्च प्रतीच्या यंत्रासाठी अवघ्या २ सेकंदांची. त्याच वेळी मनोऱ्यातल्या फलकावरचा दिवा बदलतो, घंटी वाजते. नियंत्रकाला कळते ते असे.

दुरुस्ती आधीच ठरली असेल, तर तिची सूचना अगोदर काढली जाते. या सूचनेला ‘नोटॅम’ म्हणतात. दुरुस्ती चालू असताना यंत्र लहरी सोडते खरे, पण आपले नाव सांगत नाही. एरवी मुंबईचे दिशादर्शक यंत्र तारेच्या कडकट्ट भाषेत ‘बीबीबी’ असे सारखे सांगत असते. नाव ऐकू आले नाही, की वैमानिकाने त्यावर विसंबायचे नाही.

कधी मनोऱ्यातला दिवा ठीक असतो आणि वैमानिक म्हणतो, ‘खूण डगमगते आहे.’ आता कोणाचे खरे मानायचे? पहारेकरी यंत्र जमिनीवर बसून मोजते. दूर आकाशात लहरी वाकल्या, तर त्याला कळेलच असे नाही. तेव्हा चांगला नियंत्रक दिव्याकडे बोट दाखवून वाद घालीत नाही. तो मागच्या वैमानिकाला विचारतो, अभियंत्याला फोन करतो आणि येणाऱ्या प्रत्येक विमानाला सावध करतो.

उपग्रहाच्या बाबतीत तर वैमानिकाचा शब्द अधिकच मोलाचा. २०२५ मध्ये दिल्लीजवळ काही विमानांना उपग्रहाच्या नावाने खोट्या खुणा मिळाल्या, असे सरकारने संसदेत सांगितले. असा खोटेपणा आकाशात, विमानाजवळ घडतो. मनोऱ्यातला फलक तो दाखवू शकत नाही. म्हणूनच जमिनीवरची जुनी यंत्रे अजून मोडीत काढलेली नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात हा विषय निघाला, तर मुलांना एवढे जरूर सांगा : यंत्र आज ना उद्या बिघडणारच. ते बिघडले आहे हे ताबडतोब कळावे आणि ज्याचा जीव त्यावर अवलंबून आहे त्याच्यापर्यंत पोचावे, यात खरी सुरक्षितता आहे. गावच्या ओढ्यावरची फरशी रात्री खचली, तर जो आधी तिथे लाल कापड बांधतो आणि मग सरपंचाकडे धावतो, तो माणूस मनोऱ्यातल्या नियंत्रकाचेच काम करीत असतो.