घरात एसी बसवताना आपले काम कोणते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘काहीतरी घरच्या उपयोगाचे सांगा’ असे बजावले आहे. भंडाऱ्यात राहणाऱ्या बाईला नवतप्यातल्या उकाड्याहून अधिक घरचा प्रश्न तो कोणता? आपल्या आज्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडीत. मग लोखंडी टाकीचे कूलर आले. आता घरोघर भिंतीवरचा स्प्लिट एसी येऊ लागला आहे, आणि ‘यात काय आहे, आम्हीच बसवतो’ म्हणणारी मुलेही घरोघर आहेत. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ते अर्धे कोणते, एवढेच आज सांगायचे आहे.

आधी कूलरविषयी. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतली उष्णता घेऊन जाते. वैशाखातली हवा कोरडी असते, म्हणून तेव्हा कूलरसारखे स्वस्त सुख नाही. पण मृगाचा पाऊस पडला, रोवणीचे दिवस आले, की हवाच ओली होते. मग पाण्याची वाफ होणार कशी? म्हणून आषाढात कूलर लावून माणूस अधिकच चिकचिकतो. एसीचे तसे नाही. विहिरीवरची मोट जशी खालचे पाणी वर आणून ओतते, तसे हे यंत्र खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकते. दोन पेट्यांमधल्या तांब्याच्या नळ्यांतून फिरणारा गॅस हीच त्याची मोट. काही यंत्रांत मोट उलटी फिरवण्याची सोय असते. पौषातल्या थंडीत ती बाहेरची ऊब घरात आणतात, आणि शेगडीच्या मानाने एका युनिटात तिपटीच्या आसपास ऊब देतात. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीसाठी असे ‘हॉट अँड कोल्ड’ यंत्र घ्यावे. मात्र एसी चालू असताना त्याच खोलीत कूलर लावू नये. एक ओलावा काढतो, दुसरा घालतो, आणि बिल आपण भरतो.

दुकानदार ‘टन’ म्हणतो ते यंत्राचे वजन नव्हे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढण्याची ती शक्ती. दहा बाय बाराच्या खोलीला, वर दुसरा मजला असेल, तर एक टन पुरतो. वर उघडा स्लॅब तापत असेल तर दीड टन घ्यावा. कवेलूच्या किंवा टिनाच्या छपराखाली मात्र आधी चांगले छत करावे. नाहीतर गार हवा फटींतून गावाला वाटल्यासारखे होईल.

आता आपल्या हातचे काम. जागा ठरवणे हे पूर्णपणे आपले. आतली पेटी जमिनीपासून सात-आठ फुटांवर, वर वीतभर जागा सोडून, आणि वारा थेट उशीवर येणार नाही अशी. बाहेरच्या पेटीचा वारा मोकळा जायला हवा. तिला जाळीत किंवा बंद गॅलरीत कोंडले, की ती आपलीच गरम हवा पुन्हा ओढते. पश्चिमेच्या उन्हात असेल तर वर लहानसे छप्पर घाला. आणि बायांनो, ती शेजारणीच्या खिडकीसमोर लावू नका; दोन पिढ्यांचे संबंध दीड टनाने तुटल्याचे मी पाहिले आहे. जुन्या मातीच्या भिंतीवर ब्रॅकेटचा भरवसा धरू नये, खाली विटांचा पक्का ओटा बांधून पेटी त्यावर ठेवावी.

भिंतीचे भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते हवे. पाण्याची नळीही सारखी उतरती, कोठेही झोल न पडता. पावसाळ्यात त्यातून बादलीभर पाणी पडते. ते झाडांना घाला, फरशी पुसा. पण नळीचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवू नका, हवा अडून पाणी खोलीत गळू लागते.

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. मेन बोर्डापासून वेगळी तांब्याची तार, यंत्राच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे एमसीबी, आणि खरे अर्थिंग. नुसती हिरवी तार जोडलेली दिसली म्हणजे अर्थिंग झाले असे नव्हे; ते मोजून दाखवायला सांगा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे जातात, त्यात लहान मुले असतात. वायरमन घरी आलाच आहे, तर कूलरच्या प्लगचेही अर्थिंग त्याच दिवशी पाहून घ्या.

तांब्याच्या नळ्या आणि गॅस हे काम मात्र मेकॅनिकचे. मुलाने व्हिडिओ पाहिला असला तरी तिथे हात घालू देऊ नये. आजकालच्या पुष्कळ यंत्रांत आर-३२ नावाचा गॅस असतो. तो विशिष्ट परिस्थितीत पेट घेऊ शकतो. काहींत प्रोपेन असतो. तो तर आपल्या सिलिंडरच्या गॅसचाच भाऊ. काम चालू असताना जवळ बिडी-काडी नको, देवापुढचा दिवाही थोडा वेळ शांत असू द्यावा.

पण मेकॅनिकवर सोडून आपण स्वयंपाकघरात निघून जायचे नाही. नळ्या जोडल्यावर त्यांत आपली साधी दमट हवा असते. ती व्हॅक्यूम पंपाने काढावी लागते. घाईचा माणूस पंप आणीतच नाही; यंत्रातला थोडा गॅस फुस्सकन सोडून ‘हवा निघाली’ म्हणतो. तसे केल्याने आपला गॅस कमी होतो, आणि नळीत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार होते, ते कॉम्प्रेसरला खाते. यंत्र पहिला उन्हाळा चालते, म्हणून कोणाला शंका येत नाही. तेव्हा पैसे ठरवतानाच विचारा, ‘भाऊ, पंप आणि मीटर आणणार ना?’ पंप वीस-तीस मिनिटे चालला पाहिजे. मग तो बंद करून दहा-पंधरा मिनिटे काटा पाहावा. काटा शून्याकडे परत चढू लागला तर कोठेतरी गळती आहे. स्थिर राहिला, तरच गॅसचे व्हॉल्व उघडावेत, आणि मग जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. एवढे पाहायला शिक्षण लागत नाही, खुर्ची टाकून बसायला अर्धा-पाऊण तास लागतो. बहुतेक कंपन्यांची हमी त्यांच्याच माणसाने बसवले तर टिकते, तेही आधी वाचून घ्यावे.

बिलाचे म्हणाल तर दीड टनाचे यंत्र पूर्ण जोरात ताशी साधारण दीड युनिट घेते. इन्व्हर्टरचे असेल तर खोली गार झाल्यावर पुष्कळ कमी. महावितरणचा दर शंभर युनिटांनंतर आणि पुन्हा तीनशेनंतर चढतो, हे ध्यानात ठेवा. १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांना सुरुवातीलाच २४ अंशांवर चालू होण्याचा नियम आहे. तो आकडा तसाच राहू द्यावा, वर पंखा हळू लावावा. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवावी. धान मळणीच्या दिवसांत आठवड्याने.

ज्यांना यंदा यंत्र घ्यायचे आहे त्यांनी खोलीची लांबी-रुंदी आणि भिंत कशाची आहे ते कागदावर लिहून आणावे. चहानंतर मी इथेच बसणार आहे, आपण जागा ठरवू.