मूल बोलत नाही म्हणून भाषा बंद करू नका
(दौलताबाद येथे पालकांसमोर केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी बोलायला उभा आहे, कारण इथे आपल्या घरांत दखनी, गल्लीत मराठी आणि मोबाईलवर हिंदी चालते. मूल उशिरा बोलायला लागलं की पहिला दोष या भाषांवर येतो.

माझा पुतण्या अडीच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. एका ठिकाणी सल्ला मिळाला, "घरात फक्त मराठी बोला." त्याच्या दादीला मराठी जेमतेम येते. ती नातवाशी बोलेनाशीच झाली. म्हणजे न बोलणाऱ्या मुलाशी सर्वांत जास्त बोलणारं माणूसच गप्प झालं.

पुढे एक स्पीच थेरपिस्ट, म्हणजे वाचा-भाषा तज्ज्ञ, भेटल्या. त्यांनी आधी कानांची तपासणी करायला लावली. मग दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजले. 'पानी' दखनीतला, 'भाकर' मराठीतला; दोन्ही धरायचे. दादीला म्हणाल्या, तुमच्याच बोलीत बोला. त्याने बोट दाखवलं की वस्तू लगेच देऊ नका. नाव घ्या, थोडं थांबा, त्याला संधी द्या. थेरपीचा तास आठवड्यातून एकदा येतो, बाकीचे तास घराच्या हातात असतात.

दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. ऐकू न येणं, स्वमग्नता, फाटलेला टाळू अशी कारणं वेगळीच असतात, आणि ती लवकर कळावी लागतात. ऐकण्याची तपासणी नवजात बाळाचीही होते. दीड वर्षाला एकही शब्द नाही, दोन वर्षांला दोन शब्द जोडत नाही, तर "याचे अब्बाही उशिराच बोलले" म्हणून वाट पाहू नका. दुआ करा, तपासणीही करा.

२०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलं तपासतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दोषाचा समावेश आहे. थेरपिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे जरूर विचारा.

आमच्या क्षेत्रातल्या तरुणांनाही सांगतो. मुंबईच्या आयआयटीत 'जेलो' हे ॲप तयार झालं. चित्राला बोट लावलं की ते मुलाच्या वतीने बोलतं. दादीच्या दखनीत बोलणारं असं काही आपण का बनवू नये? शिकलेल्या कोडचा तो चांगला उपयोग होईल.