गरज आणि मागणी



भारतात १८५४ साली अंतराचा विचार न करता केवळ वजनावर आधारलेला टपालदर लागू झाला. राज्यकर्ते परकीय होते, हेतू साम्राज्याच्या सोयीचा होता. तरीही त्यामागील तत्त्व लोकोपयोगी ठरले. दूरच्या खेड्याला पत्र पोचविण्याचा जादा खर्च त्या खेड्याने एकट्याने सोसावयाचा नाही, तो सर्वांनी मिळून उचलावयाचा. इंटरनेटच्या बाबतीत स्वतंत्र भारताने हेच तत्त्व कागदावर स्वीकारले आणि व्यवहारात अर्ध्या वाटेवर सोडून दिले.

१९९९ च्या दूरसंचार धोरणाला अनुसरून २००२ साली सार्वत्रिक सेवा निधी निर्माण झाला. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम त्यासाठी घेतली जाते. हा भार अखेर ग्राहकच उचलतो. सातपुड्यातून ऊसतोडीला गेलेला मजूर फोनमध्ये पैसे भरतो, तेव्हा तोही या निधीत भर घालतो. परंतु ही रक्कम प्रथम शासनाच्या एकत्रित निधीत जाते व संसदेच्या मंजुरीनेच खर्चासाठी मिळते. वर्षानुवर्षे वसुली पुढे आणि खर्च मागे राहिला.

ऑक्टोबर २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूंच्या तारेने जोडण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. काम दोन वर्षांत पुरे व्हावयाचे होते. पहिल्या लाखभर पंचायतींनाच २०१७ चा डिसेंबर उजाडला. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सहा लाखांहून अधिक गावे हजार दिवसांत जोडण्याची घोषणा केली. ती मुदत मे २०२३ मध्ये संपली, आणि ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर करावा लागला.

या सुधारित कार्यक्रमातील एक शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. पंचायतीच्या मुख्य गावापलीकडील सुमारे ३ लाख ८० हजार गावांना जोडणी मिळावयाची आहे, ती 'मागणीनुसार'. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे केवळ इच्छा नव्हे. तिच्यामागे क्रयशक्ती असावी लागते. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत एकेका पंचायतीचे पाडे दूरदूर विखुरलेले असतात. तार पंचायत कार्यालयात पोचली की कागदावर पंचायत जोडली जाते. पाड्यावर मात्र काहीच पोचलेले नसते. तेथे गरज सर्वाधिक असते आणि बाजाराला ऐकू येणारी मागणी सर्वांत कमी. खाजगी कंपन्या म्हणतात की अशा ठिकाणी सेवा परवडत नाही. नफ्याच्या हिशेबात ते खरेही आहे. पण नेमक्या त्याच कारणासाठी हा निधी उभारला गेला होता.

दरम्यान शासनाने स्वतःचा कारभार तारेवर नेला. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावरील मजुरांची हजेरी मोबाइलवरून नोंदविणे सर्वत्र सक्तीचे झाले. रेशन दुकानात अंगठ्याची ओळख पटविणारे यंत्र आले. लहर मिळाली नाही तर दिवसभर घाम गाळूनही हजेरी अडते, धान्य असूनही पिशवी रिकामी राहते. नागरिकाला जोडणीची सक्ती आहे; शासनावर मात्र जोडणी देण्याचे बंधन नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. हक्क म्हटला की तो मागणीच्या अटीवर देता येत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे आहेत. जोडणीची मोजदाद पंचायतीगणिक न करता पाड्यागणिक व्हावी, असा आग्रह धरला पाहिजे. शासनाला मागणीच हवी असेल, तर ग्रामसभांचे ठराव हीच मागणी मानावयास लावले पाहिजे. आणि तार पोचत नाही तोवर कागदावरची हजेरी व वहीतली धान्यनोंद ग्राह्य धरली जावी, यासाठी झगडले पाहिजे. तार पोचण्यास विलंब शासनाचा असताना त्याची किंमत मजुराच्या रोजीतून वसूल होणे, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.